पाहुण्यांचे रिव्ह्यू तपासताना काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच ठेवायचं

तुमचा प्रश्न मी असा समजले: कोकणातल्या तुमच्या गावातल्या नऊ घरांनी मिळून पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय सुरू केली आहे. येऊन गेलेली माणसं मोबाइलवरून रिव्ह्यू पाठवतात आणि ते तुमच्या ऑनलाइन पानावर लावायचं काम तुमच्याकडे आहे. रिव्ह्यू मनापासून लिहिलेले असतात, पण वाचवत नाहीत. सगळा मजकूर एकसलग, विरामचिन्हं नाहीत, अनुस्वार गळालेले. ते वाचण्याजोगे कसे करायचे आणि दुसऱ्याच्या लिहिण्याला किती हात लावायचा, हे तुम्हाला हवं आहे.

मी पंचवीस वर्षं मुद्रितशोधन करते. सुरुवात छापखान्यात झाली, श्रीलिपी या संगणकावरच्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रणालीत जुळवलेल्या मजकुराची प्रुफं तपासत. गेली सहा-सात वर्षं पाहुण्यांचे आणि ग्राहकांचे रिव्ह्यूही तपासून देते. पुस्तक वाचायला माणूस निवांत बसतो. रिव्ह्यू वाचणारा घाईत असतो, सुट्टी ठरलेली असते, घरातली चार माणसं त्याच्या उत्तराची वाट बघत असतात, आणि त्याला एवढंच ठरवायचं असतं की इथे जायचं की नाही. म्हणून माझी कसोटी साधी आहे. ही चूक वाचणाऱ्याला अडवते का, किंवा चुकीचं काही समजायला लावते का? तसं असेल तर ती दुरुस्त करायचीच. तसं नसेल, तर ती नियमात बसत नसली तरी लिहिणाऱ्याच्या वाक्याला हात लावण्याआधी मी थांबते. मत त्याचं, बोलणं त्याचं. आपल्याकडे फक्त वाचणाऱ्याची अडचण सोपवलेली आहे.

एक नमुना घेऊ. आंजर्ल्याच्या बाजूच्या एका घराबद्दल जुलैत आलेला हा रिव्ह्यू, आला तसाच:

«आम्ही 8 जण मागच्या महिन्यात गेलो होतो पहाटे ५ ला निघालो माणगाव आंबेत मंडणगड करत १ ला पोचलो खुप भुक लागली होती जेवन तयार च होत काकुंच्या हातची सोलकढी एक नंबर रुम मध्ये ऐसी नाही पण गरज वाटली नाही लाईट संध्याकाळी जाते पण इनव्हर्टर आहे इथे मासे नाही चिकन छान मिळत शेवटचा रस्ता खुप अरुंद आहे मोठी गाडी जात नाही दर्या ५ मिनिट चालत आहे आचार्यांनी पोराला वेगळ बिन तिखट करुन दिल लई माया लावली.......!!!!! नक्की जा»

बघा, किती कामाची माहिती आहे यात! रस्ता, वीज, गाडी, समुद्र किती लांब, लहान मुलाच्या जेवणाचं काय. नुसतं «अप्रतिम अनुभव» लिहिणाऱ्या दहा रिव्ह्यूंपेक्षा हा एक जास्त उपयोगी आहे. असा रिव्ह्यू केवळ विस्कटलेला आहे म्हणून लोक ओलांडून पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिल्या वाचनात कशालाही हात लावायचा नाही. मोठ्यानं वाचायचं. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा, ती सवय इथे फार उपयोगी पडते. जिभेला जिथे अडखळायला होतं, तिथे वाचणाऱ्यालाही होणार. या रिव्ह्यूत मी एका जागी अडखळले: «इथे मासे नाही चिकन छान मिळत». याचे दोन अर्थ होतात. «इथे मासे नाहीत. चिकन छान मिळतं.» किंवा «इथे मासे नाही, चिकन छान मिळतं», म्हणजे मासे असतात, पण ते मागवू नका. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात तक्रार. पूर्णविराम द्यायचा की स्वल्पविराम, हे तपासणाऱ्यानं आपल्या अंदाजानं ठरवायचं नसतं. अशा वेळी लिहिणाऱ्याला विचारायचं. मी विचारलं. उत्तर आलं की घरच्यांनी सांगितलं होतं, सध्या मासेमारी बंद आहे, मासे मिळणार नाहीत.

ते जूनमध्ये गेले होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आता विचार करा, हा रिव्ह्यू डिसेंबरात कुणी वाचला असता तर? «मागच्या महिन्यात» या शब्दांना तोवर काही अर्थच उरलेला नसता, आणि मासे खायला निघालेलं एक कुटुंब हे घर सोडून दुसरीकडे गेलं असतं. म्हणून रिव्ह्यूत «मागच्या महिन्यात», «परवा», «सध्या», «आता नवीन» असे शब्द दिसले, की मी लिहिणाऱ्याला महिना आणि साल विचारते. दर लिहिला असेल तर नक्कीच. «माणशी ८०० रुपये» ही ओळ तारखेशिवाय दोन वर्षांनी घरमालक आणि पाहुणा यांच्यात भांडण लावते.

लिहिणाऱ्याला दाखवून लावलेला मजकूर असा झाला:

«आम्ही ८ जण जूनमध्ये गेलो होतो. पहाटे ५ला निघालो, माणगाव, आंबेत, मंडणगड करत १ला पोचलो. खूप भूक लागली होती. जेवण तयारच होतं. काकूंच्या हातची सोलकढी एक नंबर.

रूममध्ये एसी नाही, पण गरज वाटली नाही. लाइट संध्याकाळी जाते, पण इन्व्हर्टर आहे.

मासेमारी बंद होती म्हणून मासे नव्हते. चिकन छान मिळतं.

शेवटचा रस्ता खूप अरुंद आहे, मोठी गाडी जात नाही. दर्या ५ मिनिटं चालत आहे.

आचाऱ्यांनी पोराला वेगळं बिनतिखट करून दिलं. लई माया लावली! नक्की जा.»

क्रम मी बदललेला नाही. माझा स्वतःचा रिव्ह्यू असता तर अरुंद रस्ता वर घेतला असता, कारण मोठी गाडी घेऊन येणाऱ्याला ते आधी कळायला हवं. पण दुसऱ्याचा मजकूर हलवायला लागलो, की थोड्याच वेळात आपण कौतुक वर आणि गैरसोय खाली असा क्रम लावू लागतो, नकळत. त्यापेक्षा परिच्छेद पाडावेत. एका विषयाच्या ओळी एकत्र आल्या आणि मध्ये मोकळी ओळ पडली, की नजर हवं ते आपोआप शोधते. «दर्या ५ मिनिटं चालत आहे» हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात बसणार नाही, पण ते न समजणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. राहू दिलं. «लई माया लावली» याला तर मी हात लावू देणार नाही. त्या जागी «आमचे उत्तम आदरातिथ्य केले» असं लिहिलं तर आठ माणसांतलं एकही माणूस त्या वाक्यात उरत नाही.

आता अर्थ बदलणाऱ्या चुका. याच रिव्ह्यूत «दर्या» आणि «आचार्यांनी» हे दोन शब्द आहेत. दोन्हींत रफार. पहिला बरोबर आहे, दुसरा चूक. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्य म्हणजे गुरू, आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा, आणि त्याचं होतं आचाऱ्यांनी. «खिडकीतून दर्या दिसतो» आणि «खिडकीतून दऱ्या दिसतात» ही दोन वेगळी घरं आहेत, एक किनाऱ्यावरचं, एक घाटमाथ्यावरचं. मोबाइलवर साधा र, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य असं टाइप केलं की रफारच येतो. दुसऱ्या, किनाऱ्यावर, पायऱ्या, तऱ्हा, कऱ्हाड असे शब्द लिहायला ऱ हे वेगळं अक्षर घ्यावं लागतं: ऱ, हलन्त, मग य किंवा ह. बऱ्याच मराठी कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ मिळतो, संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबायची. लोकांना ते माहीत नसतं, म्हणून «पायर्या» आणि «दुसर्या» सगळीकडे दिसतात. मी हे प्रत्येक रिव्ह्यूत बदलते, कारण मराठी वाचणारा माणूस तिथे हटकून थबकतो.

त्यानंतर अनुस्वार. «जेवण चांगल होत» ही ओळ मी किती वेळा वाचली असेल, गणती नाही. «होत» हे अपुरं आहे, «होत नाही» मधलं. वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघतो आणि तो येत नाही. «चांगलं होतं» किंवा «चांगले होते», दोन्ही चालतात. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम राज्य शासनानं १९६२ साली स्वीकारले, त्यांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार काढून टाकले, पण बोलण्यातली ही «केलं, दिलं, मिळालं» रूपं अनुस्वार देऊन लिहायला मोकळीक ठेवली. एका रिव्ह्यूत मात्र एकच पद्धत ठेवा. लिहिणाऱ्यानं पहिल्या तीन वाक्यांत जी धरली असेल, ती पुढे चालवायची. आपल्याला आवडते ती त्याच्यावर लादायची नाही.

अनुस्वार आदराचाही असतो, हे विसरू नका. «काकानी स्वतः बॅटरी घेऊन रस्ता दाखवला» यात काकांचा मान गेला. «काकांनी». «मालकाने सांगितले» आणि «मालकांनी सांगितलं» यांत फरक आहे, आणि खेड्यातल्या घरी राहून आलेला पाहुणा बहुतेक वेळा दुसरंच म्हणत असतो. बाकीच्या वाक्यांत तो «ते आले, त्यांनी दिलं» असं लिहीत असेल, तर गळालेला ठिपका टायपिंगचा आहे, बिनदिक्कत द्या. संपूर्ण मजकुरात एकेरी असेल, तर तो त्याचा सूर आहे. चिडून लिहिलेल्या रिव्ह्यूत एकेरी येतं, आणि ते तसंच राहायला हवं.

नकाराकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. बोलून टाइप केलेल्या मजकुरात «न» आणि «नाही» गळतात किंवा शेजारच्या शब्दाला चिकटतात. «न मागता चहा आला» याचं «मागता चहा आला» झालं तर कौतुक तिथेच विरतं. मी प्रत्येक रिव्ह्यूतले नकार वेगळे शोधते आणि त्या वाक्याचा सूर आजूबाजूच्या वाक्यांशी जुळतो का ते बघते. पाच तारे देऊन कुणी «परत जाणार» च्या जागी «परत न जाणार» लिहिलेलं दिसलं, तर आधी विचारायचं, मग लावायचं.

ऱ्हस्वदीर्घाचं सांगते, पण थोडक्यात. रिव्ह्यूत त्यामुळे गैरसमज क्वचितच होतो. «खुप» लिहिलं काय, «खूप» लिहिलं काय, खूपच समजतं. तरी दुरुस्त करावं, कारण असे दहा खडे एका परिच्छेदात आले की वाचणं दमवतं. स्वयंपाकघरातले शब्द लक्षात ठेवले तर नियम आपोआप हाताशी येतो: दूध पण दुधात, मीठ पण मिठाचा, तूप पण तुपाची धार, पीठ पण पिठाला, गूळ पण गुळाची पोळी, मूग पण मुगाची खिचडी, खीर पण खिरीत. अशा मराठी शब्दांत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि शब्दाला प्रत्यय लागला की तेच ऱ्हस्व. (गुण, विष असे संस्कृतातून तसेच आलेले शब्द यात धरू नका.) शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ: काकू, पाणी, आमटी. «आणि» आणि «परंतु» हे त्याला अपवाद. करून, येऊन, बसून, वरून, सगळी ऊन दीर्घ. रुपया मात्र ऱ्हस्व, «रूपये» नको. आणि किंमत लिहितो, पण किमतीत लिहितो, अनुस्वार जातो. एवढ्यावर तुमची बरीचशी मजल होईल.

शब्दयोगी अव्ययं तुटलेली दिसतात ती जोडा. रूम मध्ये, घरा जवळ, पुणे हून, गरम च, पाणी ही. रूममध्ये, घराजवळ, पुण्याहून, गरमच, पाणीही. तुटलेलं «ही» विशेष त्रास देतं, «पाणी ही मिळालं» वाचताना क्षणभर «ही» कोण, असा प्रश्न पडतो. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर ओळ नेमकी तिथेच मोडते आणि पुढची ओळ «च होतं» पासून सुरू होते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका वेगळ्या. «हॉटेल» आणि «हाॅटेल» हे दोन शब्द पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात. पहिल्यात ऑ चा काना एक अक्षर म्हणून आलेला आहे. दुसऱ्यात आधी काना आणि त्यावर चंद्र वेगळा टाइप केलेला आहे. माणूस फसतो, यंत्र फसत नाही: पानावर «हॉटेल» शोधलं तर दुसरं सापडत नाही. कॉफी, बॉटल, लॉज, सगळ्यांचं तेच. «ॲ» सुद्धा दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. तुमच्या पानावर शोधायची सोय असेल, तर हे महत्त्वाचं आहे, कारण पाहुणे «कॉट» असलेच शब्द शोधतात. मी प्रत्येक रिव्ह्यूत काना आणि सुटा चंद्र अशी जोडी शोधून एका फटक्यात बदलून घेते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तसाच विसर्ग. अपूर्णविरामाची कळ सापडत नाही म्हणून लोक «जेवणः उत्तम, खोलीः स्वच्छ» असं लिहितात. डोळ्याला दोन टिंबंच दिसतात, पण तो विसर्ग आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई दृष्टिहीन आहेत, मोबाइल त्यांना मजकूर वाचून दाखवतो. एकदा त्यांच्या शेजारी बसून मी आमच्याच पानावरचे रिव्ह्यू ऐकले. तोवर मला वाटत होतं की मी नीट काम करते. विसर्ग विसर्गासारखा वाचला जात होता. पूर्णविराम नसलेला रिव्ह्यू एका दमात, श्वास न घेता पळत होता. आणि एकापुढे एक लावलेल्या चित्रचिन्हांपाशी तो आवाज प्रत्येक चिन्हाचं नाव पुन्हा पुन्हा सांगत बसला, आठ अंगठे, सहा हसरे चेहरे, मग कुठे पुढचं वाक्य. त्या दिवसापासून मी सलग आलेल्या चिन्हांतलं एकच ठेवते आणि ते वाक्याच्या शेवटी आणते. लिहिणाऱ्याचा आनंद एका चिन्हातही पोचतो.

विरामचिन्हं ही मराठीत उशिरा आलेली गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती रुळवली. मोडीत तर शब्दही न तोडता लिहीत. तरीही ती पत्रं वाचली जात, कारण वाचणारा माणूस जाणकार असे आणि त्याला वेळ असे. आज आपल्याकडे जो वाचतोय त्याच्याकडे वेळ नाही, तेव्हा पूर्णविराम सढळ हातानं द्या. «आणि», «पण», «मग» यांनी जोडलेलं पाच ओळींचं वाक्य बहुधा तीन वाक्यांचं असतं. हिंदी कीबोर्डवरून येणारा दंड, म्हणजे उभी रेघ, काढून मराठीचा साधा पूर्णविराम द्या. चिन्हाच्या आधी जागा नको, नंतर एक जागा हवी. सात टिंबं आणि पाच उद्गारचिन्हं यांची जागा एकाच चिन्हाला द्या. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून माणसं जोर द्यायला «सुंदरररर» लिहितात. मी ते एकदा आलं तर ठेवते. प्रत्येक वाक्यात आलं तर पहिलं ठेवून बाकीची साधी करते. ठळक करण्यासाठी शब्दाभोवती लावलेले तारे मात्र बहुतेक पानांवर नुसते तारेच दिसतात, ते काढून टाका.

आकडे एकाच लिपीत आणा. «8 जण ५ ला» हे एका ओळीत डोळ्याला खुपतं. तुमच्या पानावरच्या बाकीच्या माहितीत जे अंक असतील, तेच रिव्ह्यूत धरा. आणि आकड्याला त्याचं माप असू द्या. «समुद्र ५ वर आहे» यात मिनिटं की किलोमीटर, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

पानावर लावताना एक बघा. बऱ्याच ठिकाणी रिव्ह्यूच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर दाबल्यावर उघडतो. पाहुण्यांना तुम्ही रिव्ह्यू मागताना एवढंच सांगा, की पहिल्या वाक्यात कोण होतात, कधी गेलात, किती दिवस राहिलात ते लिहा. «आईवडिलांना घेऊन ऑक्टोबरात दोन रात्री राहिलो.» गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन निघालेला माणूस हे वाक्य दिसलं की रिव्ह्यू उघडतोच. तुम्ही स्वतः असं वाक्य तयार करून घालू नका.

आता बोलीचा प्रश्न. हा मला सगळ्यांत नाजूक वाटतो. रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डांमुळे न-ण आणि ल-ळ यांची गल्लत होते: जेवन, पानी, मिलालं. पण «पानी» हे बोलीतलं रूपही आहे. कोण चुकलं आणि कोण आपल्या घरचं बोललं, हे कसं ओळखायचं? संपूर्ण रिव्ह्यू बघायचा. बाकी सगळीकडे «आणि, पण, कारण» नीट आहे आणि एकाच जागी «जेवन» आलं, तर ते बोट घसरलंय, दुरुस्त करा. वरच्या नमुन्यात मी तेच केलं. पण «म्या पोरास्नी घिऊन गेलतो, पानी ग्वाड हाय» असा रिव्ह्यू आला, तर तिथे ण बसवायचा अधिकार मला नाही. त्यात फक्त पूर्णविराम आणि मोकळी ओळ द्यायची. वऱ्हाडातून, कोल्हापुराकडून, गोव्यातून आलेल्या पाहुण्यांची मराठी तुमच्या पानावर वेगवेगळी दिसली, तर वाचणाऱ्याला कळतं की ही खरीच माणसं आहेत. सगळे रिव्ह्यू एकाच हातानं लिहिल्यासारखे दिसले, तर तो दुसरं काही समजेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

तक्रारीच्या रिव्ह्यूलाही तेवढीच मेहनत घ्या. मला हे आग्रहानं सांगायचंय. कौतुकाचा मजकूर नेटका केला, परिच्छेद पाडले, आणि डासांची, कुबट गादीची तक्रार तशीच गुंत्यात ठेवली, तर एकही शब्द न बदलता आपण वाचणाऱ्याची फसवणूक केली. एका घराच्या मालकांनी मला «खोलीत डास फार होते» यातलं «फार» काढायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं आणि त्यांना सुचवलं की खाली आपलं उत्तर लिहा, खिडक्यांना जाळ्या कधी बसवणार ते सांगा. त्यांनी लिहिलं. तसंच «ठीक» या शब्दाचं. जेवणाला «ठीक होतं» म्हणणारा मराठी माणूस काय म्हणतोय ते आपल्याला माहीत असतं. त्याचं «चांगलं होतं» करायचं नाही, आणि «वाईट होतं» सुद्धा करायचं नाही. भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते आणलं तेव्हा ऐच्छिक होतं, पण त्यात सचोटी, अचूकता, पारदर्शकता आणि सुगम्यता ही जी तत्त्वं मांडली आहेत ती तुमच्यासारख्या छोट्या पानालाही लागू पडतात. पारदर्शकतेसाठी मी प्रत्येक तपासलेल्या रिव्ह्यूखाली एक ओळ देते: «शुद्धलेखन आणि विरामचिन्हं दुरुस्त केली आहेत.» लिहिणाऱ्याला विचारून काही भर घातली असेल, तर तेही त्याच ओळीत.

लोकांचे फोन नंबर, सोबतच्या लहान मुलांची पूर्ण नावं, त्यांची शाळा, असं काही आलं तर काढा. ते त्यांना विचारत बसण्याचीही गरज नाही, काढून मग कळवा.

वेळेचं म्हणाल तर सरावानंतर एका रिव्ह्यूला चार-पाच मिनिटं लागतात. पहिलं वाचन मोठ्यानं, दुसरं दुरुस्त करत, तिसरं पानावर लागल्यावर मोबाइलमध्ये. तिसरं चुकवू नका. संगणकावर नीट दिसणारा परिच्छेद मोबाइलवर पडदाभर होतो, आणि लांबलचक रिव्ह्यूला आणखी एक मोकळी ओळ लागते हे तिथेच कळतं. दमलेल्या डोळ्यांनी तपासू नका, रात्री केलेलं काम मी सकाळी पुन्हा एकदा बघते.

आणि मूळ मजकूर कधीही पुसू नका. आला तसा, तारखेसह, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मालवणकडच्या एका घराच्या रिव्ह्यूत नाश्त्याला «शिरवाळे» मिळाल्याचं लिहिलं होतं. मी पुण्याची, मला तो शब्द माहीत नव्हता. «शिरा, वडे» लिहिताना बोट घसरलं असेल असं धरून मी तसं करून टाकलं आणि विचारलं नाही. तीन आठवड्यांनी घरच्या बाईंचा फोन आला. पाहुणे शिरा मागत होते आणि त्यांच्याकडे तो होत नव्हता. नारळाच्या गोड रसासोबत द्यायच्या तांदळाच्या शेवया म्हणजे शिरवाळे, पहाटे उठून सोऱ्यातून पाडायच्या, हे त्यांनी मला फोनवर शांतपणे समजावलं. मूळ प्रत होती म्हणून तो शब्द दहा मिनिटांत जागेवर गेला. आता अनोळखी पदार्थाचं, झाडाचं किंवा वाडीचं नाव आलं की मी आधी त्या घरी फोन करते.